गॅरेजच्या जमिनीला नवा हात



जालना जिल्हा म्हटले की आपल्याला बियाणे आठवतात, मोसंबी आठवते आणि भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळ्या करणारे कारखाने आठवतात. माल आला की मालमोटारी आल्या, शेती आली की ट्रॅक्टर आले आणि वाहने आली की ती दुरुस्त करणारी गॅरेजेही आली. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपले लक्ष इंजिनाकडे जाते. पायाखालच्या जमिनीकडे कोणी पाहत नाही. वास्तविक तेथे सर्वांत जास्त मार जमीनच खाते. तिच्यावर जॅक टेकतो, पाने पडतात, ऑइल सांडते, बॅटरीतील आम्ल ठिबकते आणि तापलेली चाके तासन्‌तास उभी राहतात. साध्या कोब्याची जमीन असेल तर तिची धूळ सुटते आणि ती ऑइल पिऊन काळी पडते. म्हणून अलीकडे अनेक गॅरेजांत कोब्यावर इपॉक्सीचा चकचकीत लेप देतात. तो धुता येतो, त्याची धूळ सुटत नाही आणि त्यावर पडलेला बारीक नटही पटकन दिसतो.

परंतु काही वर्षांनी या लेपाचेही पोपडे निघू लागतात. मग मालक रंगाचा नवा डबा आणतो, जुन्या लेपावर एक हात मारतो आणि सहा महिन्यांत नवा लेप जुन्याला घेऊन उखडतो. रंगाचे पैसे जातात, गॅरेज बंद ठेवलेले दिवसही वाया जातात. असे का होते आणि काम नीट कसे करावे, हे समजून घेण्यासाठी थोडे रसायनशास्त्र, थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे अंकगणित लागते. ते सर्व तुमच्या आवाक्यातले आहे.

हात धरणारे रेणू

इपॉक्सी दोन डब्यांत मिळते. एका डब्यात राळ म्हणजे रेझिन असते, दुसऱ्यात ती घट्ट करणारे द्रव्य असते. कारागीर त्याला हार्डनर म्हणतात. दोन्ही पातळ असतात. एकत्र केली की काही तासांत त्यांचा दगडासारखा घट्ट पदार्थ होतो. घरी तुटलेली वस्तू चिकटवण्यासाठी दोन नळ्यांतील पदार्थ कालवून लावतात, तोही याच कुळातला.

राळेच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एक लहानसे त्रिकोणी कडे असते. त्यात कार्बनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. कार्बनच्या बंधांना एकमेकांशी सुमारे १०९ अंशांचा कोन करणे सोयीचे असते. या त्रिकोणात मात्र त्यांना सुमारे ६० अंशांत दाटीने बसावे लागते. त्यामुळे हे कडे ताणलेल्या धनुष्यासारखे असते आणि संधी मिळताच उघडते.

ती संधी हार्डनर देतो. त्यात बहुधा अमाइन वर्गातील संयुगे असतात. त्यांच्या नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजनचा प्रत्येक अणू एकेक कडे उघडू शकतो. असे समजा, की राळेच्या रेणूला दोन हात आहेत आणि हार्डनरच्या रेणूला चार किंवा सहा. सर्वांनी एकमेकांचे हात धरले की साखळी होत नाही, चारी बाजूंनी विणलेले जाळे होते. या जाळ्यातला रेणू मग जागचा हलू शकत नाही. म्हणून घट्ट झालेली इपॉक्सी तापवली तरी वितळत नाही आणि साध्या द्रावकात विरघळत नाही. मेणबत्ती वितळवून पुन्हा मेणबत्ती करता येते. इपॉक्सीचे तसे करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुरुस्तीचे सारे मर्म तिच्यात आहे.

हा पदार्थ शोधला गेला तो जमिनीसाठी नव्हे. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां हे रसायनशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधत होते. त्यातून इपॉक्सी राळ पुढे आली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे रंगलेपांसाठी अशाच राळेवर काम करत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘अरल्डाइट’ या नावाने ती चिकटद्रव्य म्हणून बाजारात आली. आज भारतात गुजरातमधील वलसाडजवळच्या अतुल येथे इपॉक्सी राळ तयार होते. जालन्यातही मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले. या विषयाची गोडी लागली तर पुढे शिकण्याची सोय जिल्ह्यातच आहे.

लेप का उखडतो?

लेप उखडण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

*चाकांच्या जागी पोपडे.* साध्या हवेत घट्ट होणारी इपॉक्सी बहुधा ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास थोडी मऊ पडू लागते. मे महिन्यात दूरवरून धावत आलेल्या गाडीचे टायर याहून अधिक तापलेले असू शकतात. गाडी उभी राहिली की टायर मऊ लेपावर दाबून बसतो, थंड होताना आक्रसतो आणि लेपाला ओढतो. लेपाची जमिनीवरची पकड कच्ची असेल, तर गाडी निघताना पोपडाही टायरबरोबर निघतो.

*फोड.* काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी त्यात केसापेक्षा बारीक असंख्य नळ्या असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे जमिनीखालचे पाणी त्यांतून वर चढते. लेपाखाली ते अडते आणि लेपाला फोड येतात. पावसाळ्यानंतर फोड वाढले, तर ओल हेच कारण समजावे.

*भेगा.* जालन्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. गॅरेज बांधताना ही माती काढून मुरमाची भर घातली नसेल, तर कोबा खालून हलतो आणि त्याच्याबरोबर लेपही चिरतो.

*पिवळेपणा.* शटरजवळ ऊन येते. उन्हातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते आणि तिची झिलई जाते. हा दोष वरवरचा असतो. त्याने पकड सुटत नाही.

*ओरखडे.* हे झिजणे होय. त्यावर नवा हात हा खरा उपाय आहे, पण तोही तयारी करूनच.

आधी निदान, मग औषध

वैद्य नाडी पाहतो तशी जमीनही पाहावी लागते. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत.

मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. तसेच लाकडी मुठीने जमिनीवर हलके ठोकत जावे. जेथे आवाज पोकळ येतो, तेथे लेप सुटलेला आहे किंवा खालचा कोबा पोकळ झाला आहे. त्या जागी खडूने खूण करावी.

मग ओल पाहावी. जेथे लेप निघाला आहे तेथे ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि निदान १६ तास ठेवावा. उचलल्यावर आत पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला असेल, तर जमीन ओली आहे. मात्र एप्रिलमध्ये कोरडी निघालेली जमीन ऑगस्टमध्ये ओली असू शकते, हेही विसरू नये.

तिसरी परीक्षा पकडीची. जो लेप चांगला वाटतो त्यावर धारदार पात्याने फुलीच्या आकाराचा छेद देतात, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवतात आणि झटक्याने ओढतात. पट्टीबरोबर लेप निघाला, तर तो दिसायला चांगला असूनही आतून सुटलेला आहे.

पोपडे मोजक्या जागी असतील आणि बाकीचा लेप या परीक्षांना उतरला, तर तेवढ्याच जागा खरवडून भरता येतात. ठिकठिकाणी पकड सुटली असेल, तर सर्व लेप काढणे भाग आहे. नवा लेप कितीही भारी असला तरी तो जुन्यावर उभा असतो. जुना सुटला की दोन्ही सुटतात.

सारवण आणि इपॉक्सी

आता मुख्य प्रश्न. खेड्यातल्या घरी आजी दर आठवड्याला जमीन सारवत असे. जुन्या सारवणावर नवे सारवण छान बसते. मग जुन्या इपॉक्सीवर नवी का बसत नाही?

सारवताना शेणमातीच्या पाण्याने जुना थर वरून थोडा भिजतो आणि मऊ होतो. नव्या थरातील कण त्यात मिसळतात. वाळल्यावर दोन थरांमध्ये सीमारेषाच राहत नाही. इपॉक्सीचे जाळे मात्र एकदा विणले की मऊ होत नाही आणि विरघळत नाही. त्यावर ओतलेली नवी राळ आत शिरू शकत नाही. शिवाय जुन्या थरातील रेणूंचे बहुतेक सर्व हात आधीच गुंतलेले असतात. नव्या राळेने हात पुढे केला तरी तो धरायला कोणी मोकळे नसते.

म्हणून दुसरा मार्ग धरावा लागतो. जुना लेप पॉलिश कागदाने किंवा घासणीच्या यंत्राने घासून त्याची चकाकी पूर्ण घालवतात. पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे पडतात, नवी राळ त्यांत उतरते आणि घट्ट झाल्यावर खुंटीसारखी अडकून बसते. गवंडीसुद्धा गिलावा करण्याआधी गुळगुळीत काँक्रीटला टाके मारतो, ते याच कारणासाठी.

याच नियमामुळे नव्या लेपाचे दोन हात द्यायचे असतील, तर दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत द्यावा. ही मुदत पुष्कळदा एक दिवसाच्या आसपास असते. तोवर पहिल्या थरातील काही रेणूंचे हात मोकळे असतात आणि दोन थर रासायनिक बंधांनी जोडले जातात. मुदत टळली की पुन्हा घासणे आले.

तेल, धूळ आणि आम्ल

गॅरेजच्या कोब्यात ऑइल मुरलेले असते. तेलकट पृष्ठभागावर राळ नीट पसरत नाही, गोळा होऊ पाहते. म्हणून गरम पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा तेल काढणारे साबण वापरून जमीन घासून धुवावी लागते, तीही एकदा नव्हे, दोन-तीनदा. धुतल्यावर उघड्या कोब्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो जिरला तर छिद्रे मोकळी झाली. मण्यासारखा तसाच बसून राहिला, तर तेल अजून शिल्लक आहे. फार खोल तेल मुरलेला भाग फोडून काढून नवा कोबा घालणेच बरे. नव्या कोब्यावर इपॉक्सी लावण्याआधी निदान २८ दिवस थांबावे लागते.

काही कारागीर उघडा कोबा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. आम्लाची सिमेंटमधील चुन्याच्या संयुगांशी क्रिया होते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पण आम्ल तेलाला हलवू शकत नाही आणि जुन्या इपॉक्सीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याच्या वाफांनी डोळे व घसा चुरचुरतो, आणि ते नीट धुतले गेले नाही तर नव्या लेपालाच त्रास देते. म्हणून हल्ली यंत्राने घासणे अधिक पसंत करतात. घासल्यावरची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने ती उडवू नये. त्या हवेत तेलाचा अंश असू शकतो आणि उडालेली धूळ पुन्हा जमिनीवरच बसते.

कोयनेची भेग

खड्डे आणि बारीक भेगा भरण्यासाठी राळेत बारीक कोरडी वाळू मिसळून लांबी तयार करतात. वाळू केवळ स्वस्त पडते म्हणून घालत नाहीत. नुसती इपॉक्सी उष्णतेने काँक्रीटच्या सुमारे पाचपट प्रसरण पावते. १० मीटर लांबीची जमीन २० अंशांनी तापली, तर काँक्रीट सुमारे २ मिलिमीटर वाढते. मोकळी इपॉक्सी तेवढ्यात सुमारे ११ मिलिमीटर वाढू पाहील. हा ओढा सारा त्यांच्या जोडावर येतो. वाळू घातली की इपॉक्सीचे प्रसरण कमी होते आणि जोडावरचा ताण हलका होतो.

मात्र कोणती भेग भरावी याचा विचार हवा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या काँक्रीटला भेगा पडल्या. त्या भरण्यासाठी इपॉक्सी राळ दाबाने आत घालण्यात आली. परंतु अभियंते तेवढ्यावर थांबले नाहीत. धरणाला पोलादी तारांनी ताण देऊन बळकटी आणली आणि पुढे मागच्या अंगाला काँक्रीटचे जाड टेकू बांधले. राळेने भेग जोडली जाते, पण भेग पडण्याचे कारण दूर होत नाही. ते काम वेगळे करावे लागते.

आपल्या गॅरेजलाही हाच न्याय लागू आहे. एकदा पडून स्थिर झालेली भेग इपॉक्सीने भरावी. काळ्या मातीमुळे दरवर्षी उघडमीट करणारी भेग कडक राळेने भरली तर ती शेजारी पुन्हा पडेल. तेथे रबरासारखा लवचिक पदार्थ भरावा आणि पावसाचे पाणी पायाशी मुरणार नाही अशी बाहेर व्यवस्था करावी.

थोडा हिशेब

समजा गॅरेज १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ६० चौरस मीटर झाले. लेपाची जाडी ३०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर हवी आहे. मग लागणारे आकारमान ६० × ०.०००३ = ०.०१८ घनमीटर, म्हणजे १८ लिटर. कोब्यात जिरणारा प्राइमर आणि नासाडी वेगळी. आता कोणी ९ लिटर इपॉक्सी आणि ९ लिटर थिनर मिसळून काम केले, तर ओला लेप तेवढाच जाड दिसेल. थिनर उडून गेल्यावर मात्र निम्मीच जाडी उरेल. एका गुणाकाराने ही फसगत टळते.

दुसरा हिशेब प्रमाणाचा. नेहमीच्या पातळ राळेच्या सुमारे १९० ग्रॅम वजनात जितकी कडी असतात, तितकाच क्रियाशील हायड्रोजन ट्रायएथिलिन टेट्राअमाइन या हार्डनरच्या सुमारे २४.४ ग्रॅममध्ये असतो. म्हणून १०० ग्रॅम राळेला १०० × २४.४ ÷ १९० = सुमारे १३ ग्रॅम हार्डनर पुरतो. ‘थोडा जास्त टाका, लवकर घट्ट होईल’ असे काहीजण म्हणतात. ते चुकीचे आहे. जादा हार्डनरचे हात रिकामे राहतात, जाळे अपुरे विणले जाते आणि लेप मऊ किंवा चिकट राहतो. प्रत्येक कंपनीचा हार्डनर निराळा असतो. म्हणून डब्यावरचेच प्रमाण पाळावे, आणि ते वजनाचे आहे की मापाचे हे आधी वाचावे.

बादली आणि ऊन

राळ आणि हार्डनर यांच्या संयोगाने उष्णता निर्माण होते. तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना ३० मिनिटे टिकणारे मिश्रण ३५ अंशांना १५ मिनिटेच टिकेल. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हातात दहा मिनिटेही उरणार नाहीत. त्यात मिश्रण बादलीतच राहिले तर उष्णता बाहेर पडत नाही. ती क्रिया आणखी वाढवते आणि बादलीतून धूर येऊ लागतो. तेच एक लिटर मिश्रण ०.३ मिलिमीटर जाडीने पसरले की ३.३ चौरस मीटरवर जाते आणि उष्णता सहज निघून जाते. म्हणून थोडे थोडे कालवावे, बादलीच्या कडा व तळ खरवडून एकजीव करावे आणि लगेच जमिनीवर ओतून रोलरने पसरावे.

पावसाळाही सोयीचा नाही. दमट हवेत हार्डनर हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी संयोग पावतो आणि लेपावर पांढुरका चिकट थर येतो. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावे असा नियम आहे. नाही तर डोळ्यांना न दिसणारे दव लेपाखाली अडकते. तेव्हा जालन्यात दिवाळीनंतर जमीन सुकल्यावर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा काम काढणे चांगले. लेपावर दुसऱ्या दिवशी चालता येते, पण गाड्या साधारण सात दिवसांनी आणाव्यात. जाळे पूर्ण विणायला तेवढा वेळ लागतो. चाके घसरू नयेत म्हणून शेवटच्या थरावर बारीक वाळू भुरभुरतात. शटरजवळ ऊन येते तेथे वरून पॉलियुरेथेनचा हात देतात. तो पिवळा पडत नाही.

काम करणाऱ्याचे हात

जमीन सुधारताना माणूस बिघडू नये. कोबा घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि धूळ ओढून घेणारे यंत्र लागते.

राळ आणि हार्डनर कातडीला वारंवार लागले तर ॲलर्जी होऊ शकते. एकदा ती जडली की बहुधा जन्मभर राहते आणि कुशल कारागिराला आपले कामच सोडावे लागते. म्हणून रबरी हातमोजे घालावेत. हाताला लागलेली राळ थिनरने पुसू नये. थिनर कातडीतील स्निग्धांश काढून टाकतो आणि राळेला आत जायला वाट करून देतो. साबण आणि पाणी वापरावे. हे काम मुलांनी करायचे नाही. पण घरच्या कोणाला हातमोज्याशिवाय ते करताना पाहिले, तर त्यांना हे कारण जरूर सांगा.

करून पहा

१. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या घ्या. एकीला खोबरेल तेलाचा पुसट हात लावा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. थेंबांच्या आकारात काय फरक दिसतो?

२. शाळेच्या व्हरांड्यात, शिक्षकांच्या परवानगीने, प्लॅस्टिकची ओल-परीक्षा करा. एक तुकडा भिंतीलगत आणि एक मध्यभागी लावा. निरीक्षणे वहीत लिहा आणि हीच परीक्षा पावसाळ्यात पुन्हा करा.

३. १२ मीटर लांब व ५ मीटर रुंद जमिनीवर ०.५ मिलिमीटर जाडीचा लेप द्यायचा आहे. किती लिटर इपॉक्सी लागेल? (उत्तर : ३० लिटर)

४. लाखेची बांगडी तापवून पुन्हा वळवता येते, इपॉक्सीची येत नाही. का, ते चार ओळींत लिहा.